पगारे नानांचं कोर्ट

नाशिकरोडला खोली शोधत हिंडत होतो तेव्हा सात घरमालकांनी मला आधी आडनाव विचारलं. आडनावावरून उलगडा होईना म्हणून त्यातल्या तिघांनी गाव विचारलं, आणि गावावरूनही भागेना तेव्हा एका सज्जन गृहस्थांनी थेट कुलदैवतालाच हात घातला. आठवे घरमालक पगारे नाना. त्यांनी काहीच विचारलं नाही. शर्टाच्या खिशातून स्टीलची टेप काढली, तिचं टोक मला टाचेखाली दाबून धरायला सांगितलं आणि पट्टी सर्रकन माझ्या डोक्यापर्यंत नेली.

"पाच फूट सात," ते म्हणाले. "कॉट सहा फुटी हाय. पाच इंच पाय ताणायला. चालंल. सामान कधी आणताय, साहेब?"

मी बँकेत नुकताच चिकटलेला कारकून. मला साहेब म्हणणारा हा पृथ्वीतलावरचा पहिला माणूस. त्याच संध्याकाळी मी ट्रंक आणली आणि पुढची साडेचार वर्षं त्या कॉटवर पाच इंच पाय ताणून झोपलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी अविवाहित होतो आणि माझं पोट मोजण्यासारखं झालेलं नव्हतं.

नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. बुटके, रुंद, कानांवर केसांचे दोन झुपके. वर्षानुवर्षं धडधडत्या यंत्रांशेजारी काम केल्यामुळे त्यांच्याकडे एकच आवाज उरला होता, यंत्राच्या वरचा. त्या घरात गुपित म्हणून काही राहतच नसे. नाना बायकोच्या कानात काही सांगायचे ते चौथ्या घरातल्या म्हातारीला ऐकू जायचं, आणि कधी कधी उत्तरही तिच्याकडूनच यायचं.

नानांचा जगावर विश्वास होता, पण मोजल्यावर. कोणी काहीही सांगितलं, पाऊस फार झाला, पूल पडायला आला, अमक्याचा पोरगा उंच झाला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मोजून बघितलं का?" भिंतीवरची बुद्धाची तसबीर त्यांनी पाणसळ लावून टांगली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी शेवंतामावशींची भाकरी मोजली होती. मावशी तो प्रसंग मला दर महिन्याला सांगायच्या आणि शेवट नेहमी एकच असायचा: "त्या दिवशी मग अर्धीच वाढली. म्हटलं, आता मोजा."

या टेपेपायीच नानांनी शेजार गमावला होता. मागच्या बाजूला त्यांच्या हद्दीला लागून आहेर भाऊसाहेबांचं घर. भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी, मूळचे सटाण्याकडचे. बोलताना अगदी सरकारी मराठी बोलायचे, 'सदर इसम' आणि 'उपरोक्त बाब' वगैरे, पण राग आला किंवा धक्का बसला की सरकार गळून पडायचं आणि खालून अहिराणी निघायची. त्यांच्या पुतण्याचं लग्न जमत होतं. मुलीकडच्यांना मुलगा पाच फूट आठ इंच असल्याचं कळवलेलं. नाना शेजारधर्म म्हणून पोहे खायला गेले, मुलगा पाया पडायला वाकला, आणि तो सरळ होताच नानांनी केवळ मायेपोटी त्याला टेप लावली.

"पाच पाच," त्यांनी भर बैठकीत, यंत्राच्या वरच्या आवाजात जाहीर केलं. "बूट धरून."

लग्न झालं. मुलगी स्वतः चार अकरा होती, तिला बरंच वाटलं असावं. पण भाऊसाहेबांनी नानांशी बोलणं टाकलं आणि पुढच्याच पंधरवड्यात दोन घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण लावलं. लावलं ते नानांच्या हद्दीत अडीच फूट आत. नानांना ते पहिल्याच दिवशी कळलं, मोजल्याशिवाय थोडेच राहणार होते. पण मेंदीच हाय, खाऊन खाऊन जागा किती खाणार, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

नानांना एकच मुलगी, सुजाता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. बापाचा रुंदपणा तिने घेतला नव्हता, हट्ट मात्र पुरा घेतला होता. शाळेत एका बाईंनी तिच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट दिली आणि ती तिने परत केलीच नाही. शाळेच्या मुरमाच्या पटांगणात, वाऱ्यात उडणाऱ्या फुलामागे ती रोज दीड तास धावायची. मुरमावर खेळून ती अशी तयार झाली होती की त्या वर्षी जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी निवड होणार म्हटल्यावर तिचं नाव कॉलेजने स्वतःहून पाठवलं. चार मुली घेणार होते. निवड फेब्रुवारीत, गावातल्या एका क्लबाच्या लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये.

एका रविवारी नाना तिचा खेळ बघायला गेले आणि गप्प होऊन परत आले. त्या घरात शांतता पसरली की माणूस दचकायचा. मी बाहेर आलो, मावशी पीठ भरल्या हाताने बाहेर आल्या. नानांनी अंगणात खडूने एक रेघ मारली, थोड्या अंतरावर दुसरी मारली आणि दोन्हींच्या मध्ये टेप धरली.

"इथं पोरगी थांबते. इथं फूल पडतं. नऊ इंच."

मग कारण कळलं. आदल्या वर्षी सुजाता मुरमावर सपशेल पडली होती आणि गुडघ्याची साल निघाली होती. जखम भरली, पण तेव्हापासून ती शेवटचं पाऊल चोरायची. सगळीकडे पोचायची, फक्त पडायची वेळ आली की नऊ इंच आधी थांबायची. मावशी म्हणाल्या, मग तिला सांगा की पडू नको, सांभाळून खेळ. नानांनी मान हलवली.

"न पडायला तर ती शिकलीच हाय. तिला पडायला जागा पायजे."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परस्पर नाना त्या क्लबात गेले. निवड होईपर्यंत रोज तासभर मुलीला तुमच्या हॉलमध्ये खेळू द्याल का, असं त्यांनी सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरी अतिशय सभ्य होते. त्यांनी नानांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फक्त सभासदांनाच खेळता येतं असं सांगितलं. सभासद व्हायला दोन सभासदांची शिफारस लागते, आणि नानांना ओळखणारा एकही सभासद असणं शक्य नाही, हे त्यांनी तोंडाने न बोलता नानांच्या ग्रीस लागलेल्या बाहीकडे बघून सांगितलं. नाना उठले. जाता जाता एकच विनंती केली. घरी आले तेव्हा चेहरा फुललेला. मावशींना वाटलं काम झालं.

"नाय म्हणाले," नाना म्हणाले. "पण मोजून आलो. चव्वेचाळीस बाय वीस."

आता घरामागे कोर्ट करायचं, हे त्यांनी तिथेच, क्लबच्या पायरीवर ठरवलं होतं. जमीन कशाची करायची एवढाच प्रश्न होता. फरशी कडक. शेणानं सारवलं तर दवाने निसरडं होणार. खरी हिरवळ लावायची तर फेब्रुवारीपर्यंत ती उगवून यायला हवी, आणि मावशींच्या दोन शेळ्यांना तिची वाट बघायला आवडलं असतं. अशा वेळी न्हाव्याच्या दुकानात नानांच्या हाती कुठलंसं जुनं मासिक लागलं. त्यात परदेशातल्या एका मैदानाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की हे गवत कारखान्यात तयार होतं. अर्धी दाढी झालेले नाना तसेच घरी आले, फोटो मला दाखवला आणि ते खरंच तसं लिहिलंय का, हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"कारखान्यात होतं ना?" ते म्हणाले. "मग ते फिटरनंच केलं असणार."

झालं. त्या क्षणापासून देव, निसर्ग आणि मोसमी वारे यांचा गवताशी संबंध संपला.

देवळालीला जुन्या सामानाच्या लिलावात नानांना काथ्याची मॅटिंग मिळाली, क्रिकेटच्या पट्टीवर अंथरतात तसली, लांबलचक आणि मळकी. तिच्या तीन पट्ट्या कापून शेजारी शेजारी अंथरल्या आणि गल्लीतल्या बायकांनी दाभण-सुतळी घेऊन, गोधडी शिवावी तशा गप्पा मारत त्या जोडल्या. मग नानांनी कारखान्यात गंज काढायला वापरतात तो तारेचा ब्रश घेतला आणि तीन रविवार गुडघ्यांवर बसून अख्खी मॅटिंग पिंजारली, काथ्याचा तंतू न् तंतू उभा राहीपर्यंत. लांबून ती झोपून उठलेल्या अस्वलासारखी दिसायची. पण हात लावला तर मऊ, आणि पडलं तर मुळीच लागत नव्हतं. नानांनी स्वतः पडून खात्री केली, मला पाडून पुन्हा केली.

राहिला रंग. नाना म्हणाले, हिरवं नसेल तर गवत कसलं. हिरव्या रंगासाठी ते मला घेऊन येवल्याला गेले. तिथे पैठणीचं रेशीम रंगवणारा एक म्हातारा रंगारी त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या दारात शालूच्या हिरव्या रंगाच्या लडी वाळत होत्या, आणि त्या पाहून नानांचा निर्णय होऊन गेला. रंगाऱ्याने परोपरीने सांगितलं की हा रंग रेशमाचा, काथ्याला धरायचा नाही, काथ्या रंग पितो पण पोटात ठेवत नाही. नानांनी त्याला विचारलं, मोजून बघितलं का. म्हाताऱ्याने मुकाट रंगाची पुडी बांधायला घेतली. तीन पिढ्यांत हा प्रश्न त्यांच्या घराण्याला कोणी विचारला नसावा.

तर गवत तयार झालं, आणि तेव्हा नानांनी मागची जागा मोजली. बेचाळीस फूट. चव्वेचाळीसचं कोर्ट, बेचाळीसची जागा, आणि पलीकडे मेंदी. जगातल्या प्रत्येक वस्तूला टेप लावणाऱ्या या माणसाने कोर्ट करायचं ठरवून, गवत शिवून, रंगवून झाल्यावर स्वतःचं अंगण मोजलं. मावशींनी दिवसभर भांडी जरा जोरात घासली.

इथून पुढे जे घडलं ते मराठी भाषेमुळे घडलं. त्यात नानांचा दोष नाही. थोडा माझा आहे.

संध्याकाळी नाना नळावर पाय धूत मावशींशी हळू आवाजात बोलत होते. म्हणजे गल्लीभर ऐकू येत होतं. ते म्हणाले, कोर्टाला दोन फूट कमी पडतायत, ते भाऊसाहेबांकडूनच घ्यावे लागणार. सुजाता आतून म्हणाली, नाना, कोर्टाचं लवकर करा, तारीख जवळ आली. मेंदीच्या पलीकडे भाऊसाहेबांच्या पत्नी पापड वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला पापड खाली पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण अर्थ लावला नाही.

भाऊसाहेबांची सगळी नोकरी जमिनीच्या भांडणांत गेली होती. बांधावरून कोर्टात गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती, त्यांचे नातू त्याच दाव्याच्या तारखांना जाताना पाहिले होते. कोर्ट या शब्दाला ते सापाइतकं भ्यायचे. आणि अडीच फुटांचं पाप तर दारातच हिरवंगार वाढलेलं. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून येताना त्यांनी मला कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाशी गाठलं आणि इकडे तिकडे बघून विचारलं, "नानांचं ते कोर्टाचं ऐकतोय, ते खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हणालो. "त्यांचं पक्कं ठरलंय."

"अहो पण एकदम या थराला जायचं?"

"मुलीसाठी चाललंय सगळं. तिच्याच नावावर आहे म्हणा ना."

भाऊसाहेब मुलीच्या नावावर जरा अडखळले. "तारीख कधीची?"

"फेब्रुवारीतली. पंच मुंबईहून येणार आहेत."

त्यांनी खांबाला हात टेकला. मला वाटलं, मुलीचं कौतुक वाटून गहिवरले. म्हणून मी आपला मोठ्या मनाने पुढे म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्ही मनावर घेतलंत तर प्रश्नच नाही. तुमच्या त्या दोन फुटांवर सगळं अडलंय."

"निकाल कुणीकडे लागेल असं वाटतं?"

"आपल्याच बाजूने लागणार," मी म्हणालो.

आपल्या म्हणजे कोणाच्या, हे मी स्पष्ट केलं नाही. गरजच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना तोंड धुवायला मागे गेले तर भाऊसाहेब धोतराचा काचा मारून स्वतः कुदळीने मेंदी उपटत होते. दुपारपर्यंत कुंपण चार फूट मागे गेलं. अडीच फूट नानांचे होते, वरचा दीड फूट भाऊसाहेबांनी आपल्या पदरचा दिला, कारण कोर्टात नम्रता उपयोगी पडते हे ते अनुभवाने जाणत होते. ते नानांपुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पगारे, बाहेर कशाला जायचं? आपसांत मिटवू."

नानांना काही मिटवायचंय हेच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की ज्या माणसाने आपल्याशी तीन वर्षं बोलणं टाकलं होतं, तो आपल्या पोरीला खेळता यावं म्हणून स्वतःची जागा सोडतोय. त्यांनी भाऊसाहेबांचे मातीने भरलेले हात धरले. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "कोर्टाचं उद्घाटन तुमच्याच हातनं."

भाऊसाहेबांनी उद्घाटन हा शब्द दाव्याच्या संदर्भात आयुष्यात ऐकला नव्हता.

रविवारी आम्ही गवत अंथरलं, चुन्याच्या रेघा मारल्या, दोन लोखंडी पाइप रोवून जाळी बांधली. एकलहऱ्याहून नानांचे चार सोबती आले, गल्ली जमली, मावशींनी जिलबी आणली. भाऊसाहेब काळा कोट घालून आले, हाताखाली कागदांची पिशवी. सगळे उतारे आणले होते बहुधा. नानांनी त्यांना पुढे नेलं आणि हिरव्या काथ्याकडे हात करून म्हणाले, हे आपलं कोर्ट.

भाऊसाहेबांनी जाळीकडे पाहिलं. रेघांकडे पाहिलं. रॅकेट घेऊन उभ्या असलेल्या सुजाताकडे पाहिलं. धक्का एवढा होता की सरकार जागच्या जागी गळून पडलं.

"हाई कोर्ट शे?" ते म्हणाले. अहिराणीत हाई म्हणजे हे.

"हायकोर्ट कुठलं, भाऊसाहेब," नाना लाजून म्हणाले. "साधंच हाय. घरगुती."

मी जिलबी तोंडात कोंबली आणि घरात पळालो. ही हकिगत मी नाशिकमध्ये कधीही कोणाला सांगितली नाही. भाऊसाहेबांनीही सांगितली नाही, कारण सांगायची तर आधी अडीच फूट सांगावे लागले असते. दिलदार शेजारी म्हणून त्यांचं गल्लीत नाव झालं आणि ते त्यांनी उरलेलं आयुष्य निमूटपणे निभावलं. काही चुका माणसाला चांगला बनवूनच सोडतात.

सुजाता पहाटे आणि संध्याकाळी खेळू लागली. समोर नानांच्या सोबत्यांपैकी कोणी, कोणी नसेल तर मी. नाना बाजूला उभे राहून फक्त एकच गोष्ट बघायचे, शेवटचं पाऊल. पहिले आठ दिवस ते पडेचना. मग एका संध्याकाळी ती पडली, दचकून उठली, गुडघा चाचपला, आणि काही झालेलं नाही म्हटल्यावर मुद्दाम पुन्हा पडली. त्यानंतर तिला पडायचा नादच लागला. गरज नसतानाही पडायची. मावशी म्हणायच्या, बापाने पोरगी चालती केली होती, आता पुन्हा रांगती केली.

आणि रंगारी खरा ठरला. नाशिकची थंडी, पहाटेचं दव. ओल लागली की शालूचा हिरवा रंग काथ्यातून खुशाल बाहेर यायचा. सुजाताचे पांढरे कॅनव्हासचे बूट हिरवे झाले. गल्लीतली लहान मुलं कोणी नसताना गवतावर लोळायची आणि घरी म्हणायची आम्ही गेलोच नव्हतो, पण पावलं उचलून पाहिली की तळवे पोपटी. शाळेत एका बाईंनी आमच्या गल्लीतल्या मुलांना कसला आजार झालाय का असं चिठ्ठी पाठवून विचारलं. बँकेत माझ्या टेबलाखाली हिरवी पावलं सापडली आणि मॅनेजर दोन दिवस माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते.

पण एका सकाळी वेगळीच पावलं दिसली. मोठी, अनवाणी, अंगठा बाहेर फाकलेली. गवतावरून निघून मेंदीला वळसा घालून ती थेट भाऊसाहेबांच्या ओटीवर चढली होती. नानांनी अर्थातच एक पाऊल मोजलं आणि दार वाजवलं.

भाऊसाहेबांनी आधी सदर बाब नाकारली. मग नानांनी खाली बोट दाखवलं. भाऊसाहेब स्वतःच्या ओटीवर, घोट्यापर्यंत हिरवे, उभे होते. शेवटी कबूल झाले. पहाटे दवातल्या हिरवळीवर अनवाणी चाललं की नजर सुधारते, हे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. त्यांची नजर उतरत चालली होती. नाशिकरोडला कुठली आलीय हिरवळ. म्हणून ते पंधरा दिवस, सुजाता उठायच्या आधी, नानांच्या काथ्यावर फेऱ्या मारत होते.

"भाऊसाहेब, पण ते खरं गवत नाय," नाना म्हणाले.

"तुले काय करणं शे," भाऊसाहेब म्हणाले. "आते माले चष्माबिगर पेपर वाचता येस."

पेपर मागवला गेला. भाऊसाहेबांनी तो चष्म्याशिवाय घडाघडा वाचून दाखवला. तो आदल्या दिवशीचा होता आणि त्यांनी तो आधी चष्म्यासकट वाचलेला होता, हे मला दिसत होतं. नानांनाही दिसलं असणार. पण तेव्हा पहिल्यांदा मी नानांना एक गोष्ट न मोजता मान्य करताना पाहिलं. त्यांनी भाऊसाहेबांना रोज यायला सांगितलं. मग भाऊसाहेब रोज आले, आणि आलोच आहे तर म्हणून फुलं वेचून द्यायला लागले, गुण मोजायला लागले. गुण ते सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखे खणखणीत वाचून दाखवायचे.

निवडीच्या दिवशी सुजाता पहाटे गवतावर अर्धा तास खेळून घेऊन निघाली. आम्ही चौघं बरोबर: नाना, मावशी, मी आणि काळा कोट घातलेले भाऊसाहेब. क्लबचा तोच हॉल, तेच सभ्य सेक्रेटरी. त्या दिवशी दार सगळ्यांना उघडं होतं. जमीन अशी चकचकीत की तीत मावशींच्या लुगड्याचे काठ दिसत होते. मावशींनी ती हाताने चाचपली आणि त्या कशाशीतरी भांडायला निघाल्यासारख्या ताठ बसल्या. ही मुरमाहून कडक होती.

सुजाताची शेवटची गाठ देवळाली कॅम्पातल्या एका उंच मुलीशी पडली. दोघींनी एकेक डाव घेतलेला. तिसऱ्या डावात त्या मुलीने जाळीच्या अगदी काठावर, हलकेच, फूल सोडलं. सुजाता मागे होती. ती धावली. मी नानांकडे बघितलं, ते फुलाकडे बघत नव्हते, पावलाकडे बघत होते. जिथे ती वर्षभर थांबत आली होती तिथे ती आली, आणि थांबली नाही. गुडघ्यांवर पडली, घसरली, हात पुढे गेला, फूल उचललं गेलं आणि जाळीवरून पलीकडे पडलं.

टाळ्या वाजल्या, आणि मग थांबल्या. कारण त्या चकचकीत लाकडावर, तिच्या पहाटेच्या ओल्या बुटांचं टोक घसरलं तेवढा एक हिरवा पट्टा उमटला होता. सेक्रेटरी फडकं घेऊन धावले. नाना त्यांच्या आधी पोचले. कोणाला न विचारता कोर्टात शिरले, उकिडवे बसले आणि हात आडवा धरला.

"थांबा. पुसू नका."

मुंबईचे पंच उंच खुर्चीवरून बघत राहिले. भर सामन्यात, जिल्ह्यातल्या नामांकित मंडळींसमोर, पगारे फिटरांनी त्या हिरव्या पट्ट्याला टेप लावली. सुजाता लाजेने लाल होऊन उभी. नानांनी आकडा बघितला. दोनदा बघितला. आम्ही सगळे त्या यंत्राच्या वरच्या आवाजाची वाट बघत होतो, पण आवाज आलाच नाही. त्यांचे ओठ हलले, एवढंच. मी जवळ गेलो तेव्हा कळलं, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अकरा. दोन इंच जास्तच."

मग त्यांनी सेक्रेटरींच्या हातातलं फडकं घेतलं आणि पट्टा स्वतः पुसला.

तो सामना सुजाता हरली. पण संध्याकाळी लागलेल्या यादीत चार नावं होती आणि चौथं सुजाता श्रावण पगारे होतं. भाऊसाहेबांनी ते सगळ्यांना चष्मा लावून वाचून दाखवलं.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली विदर्भात झाली. सुजाता पुढे खूप खेळली, खेळावरच रेल्वेत लागली, इगतपुरीला राहायला गेली, हे पत्रांतून कळत होतं. मी पुन्हा नाशिकरोडला गेलो तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गाडी बदलायला तासाभराचा अवकाश होता, म्हणून रिक्षा करून नानांच्या घरी गेलो. मावशी पुढच्या दारात ज्वारी निवडत होत्या. मागे हायेत, म्हणाल्या.

मी बाजूने मागे गेलो. नाना कोर्टात पालथे पडले होते. हात पुढे पसरलेले, तोंड काथ्यात. काथ्याचा हिरवा कधीच उडून गेला होता, तो आता उन्हाळ्यातल्या माळासारखा दिसत होता, आणि त्यावर ते पांढरे केस. मी हातातली बॅग टाकली आणि धावलो.

नानांनी मान न उचलता एक हात वर केला.

"साहेब, मधी येऊ नका. दाखवतोय."

तेव्हा मला जाळीपलीकडच्या सात-आठ मुली दिसल्या. दहा-बारा वर्षांच्या, हातांत रॅकेटी, काही हसू दाबत होत्या. नाना कण्हत उठले, गुडघे झाडले आणि मला बघून त्यांना एवढा आनंद झाला की चौथ्या घरापर्यंत गेला. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. रेघेवर एक बारकी मुलगी एकटीच उभी होती, दोन वेण्या, रॅकेट दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. बाकीच्या सगळ्या पडून झाल्या होत्या. ही पडत नव्हती. नानांनी तिला पुन्हा एकदा सगळं सांगितलं, गुडघा आधी, मग हात, मान वर. तिने मान डोलावली आणि हलली नाही.

चहा घेतला. गाडीची वेळ झाली. मी मागे जाऊन निरोप घेतला तेव्हाही ती रेघेवर तशीच उभी होती, आणि सत्तरीला आलेले नाना तिच्या शेजारी, तिच्याच रेघेवर, धावायच्या पवित्र्यात वाकले होते. त्यांनी मला मान हलवून जा म्हणून सांगितलं.

मी फाटकातून बाहेर पडलो तेव्हा मागे धप्प असा आवाज झाला. मी थांबलो. मग लगेच, त्याच्या मागोमाग, दुसरा आवाज झाला, पहिल्यापेक्षा पुष्कळ हलका.